आऽ म्हणा

बसा. मांडी घालता येत असेल तर मांडी घालून, गुडघे ऐकत नसतील तर खुर्चीवर, दोन्ही पावलं जमिनीला टेकवून. पंखा खडखडत असेल तर थोडा वेळ बंद करा. शेजारच्या घरातला टीव्ही आपल्या हातात नाही, तो चालू राहू दे. घाई कसलीच नाही. वाचता वाचता मध्येच डोळे मिटावेसे वाटले, तर मिटा.

उजव्या हाताची दोन बोटं गळ्यावर ठेवा, कंठमणी लागतो तिथे. बायकांच्या गळ्यावर तो सहसा दिसत नाही, पण बोटांना लागतो. दाबू नका, नुसती टेकवा. आवंढा गिळा. आतलं काहीतरी वर सरकलं आणि पुन्हा जागेवर आलं, ते स्वरयंत्र. आता ओठ मिटून, भ्रामरीत करतो तसा गुंजारव करा. बोटांखाली जी बारीक झिणझिण लागेल, तिच्यावर लक्ष राहू द्या.

ती झिणझिण दोन स्वरतंतूंची आहे. पुरुषाचे साधारण दीड-दोन सेंटिमीटरचे, बाईचे त्याहून जरा आखूड. साधं बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा मिटतात आणि उघडतात, बाईचे दोनशेच्या आसपास. म्हणजे कंपावाचून आवाजच नाही. आज ज्याच्यावर मनन करायचं आहे तो कंप निराळा आहे. तो बराच सावकाश, सेकंदाला चार ते आठ हेलकाव्यांचा, आणि तो या झिणझिणीवर स्वार होऊन येतो. स्वर चढतो, उतरतो, जाड होतो, पातळ होतो. बोलणाऱ्याने तसं काही ठरवलेलं नसतं.

गुंजारव आणखी एकदा करा आणि या वेळी हुकमाचा विचार करा. स्वरतंतू वाऱ्याने थरथरतात, पण त्यांना जवळ आणणं, ताणणं, सैल सोडणं हे काम इवल्याशा स्नायूंचं असतं. त्या स्नायूंना मेंदूकडून निरोप येतो तो फार लांबच्या वाटेने. डाव्या बाजूची मज्जातंतूची शाखा गळ्यावरून तशीच पुढे छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला खालून वळसा घालते आणि मग पुन्हा वर गळ्यात येते. आत्ता तुम्ही नुसतं ‘म्’ म्हणालात, तेवढ्यासाठी एक निरोप महाधमनीला वळसा घालून आला. बोलणं हीसुद्धा चालण्यासारखी, लिहिण्यासारखी एक हालचाल आहे. डोळ्यांना दिसत नाही म्हणून आपण तिला हालचालींत धरत नाही.

आता बोटं काढा. नेहमीसारखा, सोयीचा श्वास घ्या आणि ‘आ’ म्हणा. गाण्याचा नको, बोलण्याच्या पट्टीतला. जमेल तेवढा लांबवा, ताणू नका. संपला की थांबा. मग आणखी एकदा.

दुसऱ्या वेळी नुसतं ऐका. सुरुवातीला तो कसा लागला, मध्ये कसा राहिला, श्वास संपत आला तेव्हा कसा डगमगला. अगदी सरळ कुणाचाच येत नाही. गाणं शिकायला बसलेल्याला गुरू पहाटे तंबोऱ्याबरोबर खर्ज भरायला लावतात ते याच स्थैर्यासाठी, आणि ते यायला वर्षं जातात. मेंदूविकारतज्ज्ञही पेशंटकडे हाच आकार मागतात. ‘आऽ म्हणा. म्हणत राहा, थांबू नका.’ कारण साधं आहे. बोलताना प, त, क ही व्यंजनं सारखी मध्ये येतात, स्वर तुटक तुटक उमटतो, आणि हेलकावा त्या गर्दीत हरवून जातो. लांब स्वराला लपायला जागा नसते.

आता डोळ्यांसमोर एक बाई आणा. वय पासष्टच्या मागेपुढे. तालुक्याच्या गावी शाळेत मराठी शिकवलेलं, स्नेहसंमेलनांची निवेदनं केलेली, शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचायचा. गेली काही वर्षं तो आवाज हलतो. ‘नमस्कार’मधला ‘का’ दोन-तीन तुकड्यांत येतो. समोरासमोर एक वेळ निभावतं, कारण डोळे आणि हात मदतीला असतात. फोनवर मात्र नुसता आवाज उरतो. गॅस एजन्सीत सिलिंडर कधी येणार एवढंच विचारायचं असतं, आणि पलीकडचा मुलगा म्हणतो, ‘मावशी, काय झालं? रडताय का?’ बँकेतला माणूस ‘घाबरू नका हो’ म्हणून धीर देतो. ती घाबरलेली नसते. तिला पासबुकातली चुकीची नोंद दाखवायची असते, आणि तिचं म्हणणं बरोबर असतं. हळूहळू फोन नवरा करायला लागतो. गणपतीत ती टाळ्या वाजवते आणि आरतीचे शब्द ओठांतल्या ओठांत म्हणते.

या बाईला तुम्ही कुठे भेटला आहात का, ते आठवून पाहा. काकू असतील, सोसायटीतले कुणी आजोबा असतील, किंवा तुम्ही स्वतः असाल. आठवलं की आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे आठवा: तो आवाज पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मनात काय आलं? कीव आली का? हे काहीतरी लपवतायत असं वाटलं का? वाक्य संपायच्या आत ते आपणच पुरं करून टाकावं, असं वाटलं का?

जे आलं ते आलं. त्याची लाज बाळगायला नको. आपल्या कानांना तशीच सवय लागली आहे. नाटकात म्हातारा दाखवायचा की नट आवाज कापरा करतो. साक्षीदार खोटं बोलतोय हे दाखवायचं तरी तेच. भीती, रडू, खोटेपणा, वार्धक्य एवढ्या चारच खणांत आपण कापरा आवाज टाकतो आणि पाचवा खण असेल असं मनातही येत नाही. मला सांगायचं आहे ते या पाचव्या खणाबद्दल. तिथे आवाज कापतो, पण माणूस आतून स्थिर असतो.

घाबरल्यावर आवाज कापतो हे खोटं नाही. प्रत्येकाच्या शरीरात बारीक थरथर सतत चालू असते, सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा. ॲड्रेनलिन वाढलं, चहा-कॉफी जास्त झाली, झोप कमी पडली की ती डोकं वर काढते, आणि कारण गेलं की जाते. तुम्ही मुलाखतीला, व्यासपीठावर, स्मशानात दोन शब्द बोलताना ती अनुभवली असेल. पण मघाच्या शिक्षिकेचा आवाज शांत घरात, शांत मनाने, भाजी निवडत बोलतानाही हलतो. तिथे गोष्ट मेंदूतल्या हालचालीच्या यंत्रणेकडे जाते. लहान मेंदू, त्याच्याशी बोलणारा थॅलॅमस आणि हालचालींचे हुकूम सोडणारा मेंदूचा वरचा थर यांचं एक वर्तुळ आहे. हालचाल नेमकी व्हायची तर या वर्तुळातल्या पेशींनी आपापल्या वेळी, आपापल्या कामापुरतं बोलायला हवं. कंपाच्या विकारात त्यांचे मोठमोठे गट एकाच ठेक्यात बोलू लागतात. दिंडीत शंभर टाळ एका लयीत पडले की अंगावर काटा येतो. मेंदूत मात्र असा एकच ठेका धरला गेला की तो स्नायूंपर्यंत उतरतो आणि हात, मान किंवा स्वर त्यावर हलायला लागतात.

याचा सगळ्यात नेहमीचा प्रकार म्हणजे इसेन्शियल ट्रेमर. बहुतेकांना तो आधी हातांत दिसतो. कप तोंडाशी नेताना चहा बशीत सांडतो, चेकवरची सही जुळत नाही. हात मांडीवर निवांत असेल तेव्हा थरथर नसते, काम करायला गेला की येते. डॉक्टर कागदावर चकली काढायला लावतात तेव्हा प्रत्येक वेढ्याला बारीक दाते पडलेले दिसतात. काहींची मान ‘नाही, नाही’ म्हटल्यासारखी हलते. आणि काहींचा आवाज. अशा वेळी नुसते स्वरतंतू हलत नाहीत. नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं तर टाळू, घशाची भिंत, जिभेचं मूळ, कधी अख्खं स्वरयंत्र त्याच ठेक्यावर वरखाली होताना दिसतं. अनेक घरांत आई, मामा, आजोबा असं कुणीतरी आधी ‘हलत’ असतं. हॉलिवूडची कॅथरीन हेपबर्न आपली हलती मान आजोबांकडून आली असं सांगत असे. तिला पार्किन्सन्स झाल्याची चर्चा व्हायची, आणि ती ते ठामपणे नाकारायची. १९८१च्या ‘ऑन गोल्डन पाँड’मध्ये तिची मान आणि आवाज दोन्ही हलताना स्पष्ट दिसतात-ऐकू येतात. त्या भूमिकेसाठी तिला चौथं ऑस्कर मिळालं. शक्य झालं तर तो सिनेमा पाहा. पहिली काही मिनिटं कान कंपावर अडकतात. मग बाई काय बोलते आहे तेच ऐकू यायला लागतं.

आता पुन्हा दोन बोटं गळ्यावर. मघासारखाच ‘आ’ म्हणा, पण कुजबुजत. झिणझिण गेली ना? कुजबुजताना स्वरतंतू थरथरत नाहीत, नुसता वारा जातो. इसेन्शियल ट्रेमरमध्ये कुजबुजल्यावर हेलकावा बराच ओसरतो, म्हणून तपासणारे हेही करायला लावतात. आणि मग गायला सांगतात. गाण्यातले लांब स्वर या कंपाला तसेच उघडे पाडतात.

दुसऱ्या एका विकारात नेमकं उलटं घडू शकतं. माणूस बोलायला लागला की गळा कुणीतरी आवळल्यासारखा शब्द अडकतो, तुटतो, पिळून बाहेर येतो; आणि तोच माणूस आरती मोकळ्या गळ्याने म्हणतो, खळखळून हसतो, बाळाशी लाडे लाडे बोलतो, तेव्हा काही अडत नाही. हा स्वरयंत्राचा डिस्टोनिया. मेंदूकडून स्नायूंना चुकीच्या वेळी आवळण्याचा हुकूम जातो, आणि तोही बोलणं या एकाच कामात. ऐकणाऱ्याला वाटतं, गाता येतं म्हणजे बोलताही यायला हवं, हे सगळं मनाचे खेळ आहेत. १८७१ साली लुडविग ट्राउबे या जर्मन वैद्याने याचं वर्णन केलं तेही ‘चेताजन्य घोगरेपणा’ अशाच अर्थाने, आणि पुढची शंभर वर्षं ही माणसं मानसिक रुग्ण म्हणून वावरली. त्या शंभर वर्षांचा विचार केला की मला राग येतो. किती शिक्षक, किती वकील, किती टेलिफोन ऑपरेटर ‘तू मनावर घेत नाहीस’ हे ऐकत नोकरी सोडून घरी बसले असतील. १९८४मध्ये न्यूयॉर्कच्या अँड्र्यू ब्लिट्झर यांनी बोटुलिनम टॉक्सिनचं अत्यल्प इंजेक्शन थेट स्वरतंतूच्या स्नायूत दिलं आणि आवळलेला गळा सैल झाला. त्याचा गुण तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा टोचावं लागतं. सुरुवातीचे काही दिवस आवाज पोकळ होतो, पाणी पिताना ठसका लागतो. पण बोलता येतं. नुसत्या कंपाच्या आवाजाला हे इंजेक्शन तितकं मानवत नाही, कारण तिथे स्वरतंतूंबरोबर बाकीचा घसाही हलत असतो.

आणि पार्किन्सन्स. कापरा आवाज म्हटला की घरात पहिल्यांदा हाच शब्द निघतो. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टराने १८१७मध्ये सहा माणसांवरून या आजाराचं वर्णन लिहिलं. त्यांतली काही त्याने नुसती रस्त्यात पाहिली होती. या आजारात हात निवांत असताना हलतो आणि कामाला लागला की बहुधा थांबतो, इसेन्शियल ट्रेमरच्या अगदी उलट. आवाजही हलू शकतो, पण जास्त करून तो बारीक होतो. चढउतार जातात, वाक्याचा शेवट गिळला जातो. त्याहून अवघड गोष्ट अशी की ज्याचा आवाज बसला त्यालाच ते कळत नाही. ‘बाबा, जरा मोठ्याने बोला.’ ‘मोठ्यानेच बोलतोय, तुम्हाला ऐकू कमी येतं.’ हा संवाद मराठी घरांत जेवणाच्या टेबलावर रोज होत असेल, आणि बाबा खोटं बोलत नसतात. आपला आवाज केवढा आहे हे मोजणारी त्यांची आतली यंत्रणाच चुकीचं माप देते.

या एका गोष्टीवर जरा वेळ राहा. आपला आवाज स्वतःला नीट ऐकू येतो आहे असं वाटावं, आणि जवळच्या माणसांपर्यंत तो पोचतच नसावा. अमेरिकेत ली सिल्व्हरमन नावाच्या बाईंना पार्किन्सन्स होता. त्यांचं बोलणं ऐकू यावं आणि कळावं एवढीच घरच्यांची इच्छा होती. लोरेन रॅमिग यांनी १९८७च्या सुमारास उभी केलेली उपचारपद्धती आज सिल्व्हरमनबाईंच्याच नावाने ओळखली जाते. आठवड्यातले चार दिवस, रोज एक तास, असे चार आठवडे. तिचं सूत्र एकच आहे, मोठ्याने बोलायचं. ओरडल्यासारखं वाटलं तरी बोलायचं, कारण ते ओरडणं नसतं. रोजची सुरुवात कशाने होते ते आता तुम्ही ओळखाल: लांब, भरदार ‘आ’ने.

आपल्याकडे मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसॉर्डर सोसायटी २००१पासून काम करते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत वाचा-उपचार मिळतात. एकट्याने आरशासमोर ‘आ’ म्हणणं आणि दहा जणांनी एका खोलीत मिळून म्हणणं यात फरक पडतो. दहा हलते आवाज एकत्र आले की कुणाला कुणाची लाज वाटत नाही.

इसेन्शियल ट्रेमरच्या आवाजाला औषधं आहेत, प्रोप्रॅनोलॉल आणि प्रिमिडोन ही त्यांतली मुख्य. हातांना त्यांचा जेवढा गुण येतो तेवढा आवाजाला बहुधा येत नाही, आणि दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल घेता येत नाही. फार त्रास असेल तर थॅलॅमसमध्ये बारीक तार बसवून विजेचे स्पंद देतात. १९८७मध्ये ग्रेनोबलच्या आलिम-लुई बेनाबिद यांनी ही वाट दाखवली. हात सुधारतात, कित्येकदा आवाजही, पण दोन्ही बाजूंना तारा बसवल्या तर बोलणं बोबडं होण्याचा धोका असतो. त्यामानाने स्पीच थेरपिस्ट शिकवतात ती युक्ती साधी आहे. करून पाहा. आधी अंगणातून हाक मारल्यासारखं म्हणा, ‘आजीऽऽऽ’. मग समोर बसलेल्या आजीला म्हणतो तसं, ‘आजी’. दुसऱ्या वेळी स्वर किती लवकर मिटला ते पाहा. हेलकावा दिसायला स्वराला वेळ लागतो. स्वर आखूड ठेवले, वाक्यं छोटी केली, मध्ये श्वास घेतला, की कंप तिथेच असतो पण ऐकणाऱ्याच्या कानावर कमी येतो. आमच्या निवेदन करणाऱ्या बाईंना ऐटदार लांबण सोडावी लागेल, पण सूत्रसंचालन सोडायचं कारण नाही.

ऐकणाऱ्याचाही यात वाटा आहे, आणि तो मोठा आहे. ‘घाबरू नका’ म्हटलं की शांत असलेलं माणूस खरंच अस्वस्थ होतं, ॲड्रेनलिन वाढतं, कंप वाढतो, आणि समोरच्याला आपला अंदाज बरोबर ठरल्यासारखा वाटतो. मघाशी आठवलेलं माणूस पुन्हा समोर आणा. त्याला मनातल्या मनात एक वाक्य बोलू द्या, अगदी शेवटापर्यंत. मध्ये शब्द पुरवू नका, मान हलवून घाई करू नका. आवाजावर गेलेलं लक्ष पुन्हा पुन्हा अर्थावर आणा, श्वासावरून भरकटलेलं मन परत आणतो तसंच. ते काय म्हणालं?

आता उठायच्या आधी एक काम. मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करून ज्याचा आवाज हलतो त्याचा, तुमचाच असेल तर तुमचा, लांब ‘आ’ टिपा. मग एक ते वीस आकडे, पेपरातल्या चार ओळी, कुजबुजत एक वाक्य आणि आवडत्या गाण्याची एक ओळ. फाइलच्या नावात तारीख घाला आणि काही महिन्यांनी पुन्हा करा. तज्ज्ञाकडे जाताना हे रेकॉर्डिंग असू द्या, आणि घरातल्या सगळ्या औषधांची पिशवीही, गोळ्यांच्या पट्ट्यांसकट. दम्याचा पंप, फिट्सचं व्हॅल्प्रोएट, मनोविकारावरचं लिथियम यांनी थरथर वाढू शकते. थायरॉइड जास्त काम करत असलं तरी वाढते. ॲसिडिटीच्या गोळीत असलेलं लेव्होसल्पिराइड किंवा चक्कर येते म्हणून चालू केलेलं सिनारिझिन महिनोन्महिने घेतलं तर हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणं दिसू शकतात, आणि ती गोळी ओळखून डॉक्टरांनी थांबवली तर बरेचदा हळूहळू ओसरतात. स्वतःहून काहीही बंद करू नका. पिशवी टेबलावर ओता आणि त्यांना एकेक पट्टी बघू द्या.